दिलेली विधाने खरी मानून

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कार्बनताई ती दिवसातून दोनदा चढत, सकाळी कागद दाखल करायला आणि दुपारी साहेबांचा विसरलेला चष्मा नेऊन द्यायला. आता यात शहाणपण किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं. कोर्टासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर वकीलसाहेबांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. बाहेरच्या खोलीत, खिडकीला पाठ करून, ताई बावीस वर्षं टायपिंग करत बसल्या होत्या. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, कार्बन पेपर कुठे मिळतो हेही लोक विसरले, पण त्या काळात बोटांना लागलेल्या निळ्या डागांवरून पडलेलं नाव काही पुसलं गेलं नाही. शिपायापासून न्यायाधीशांच्या स्टेनोपर्यंत सगळे त्यांना कार्बनताईच म्हणत.

या कार्बनताईंना त्रेचाळिसाव्या वर्षी वकील व्हायचं होतं.

ऐकणारा हसायचा. ताईंचे यजमान लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होते, तेही पहिल्यांदा हसले होते. मग बायकोचा चेहरा पाहून गप्प झाले आणि दुसऱ्या दिवशी सरावाचं जाडजूड पुस्तक घेऊन आले. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचा वर्ग असलेलं एकच लॉ कॉलेज होतं, त्याला प्रवेश परीक्षा होती, आणि परीक्षेला तीनदाच बसता येत होतं. भाषेच्या पेपरात ताईंना कोण हरवणार! सामान्य ज्ञान त्यांनी कोर्टाच्या आवारात फुकट गोळा केलेलं होतं. घोडं पेंड खायचं ते तर्काच्या प्रश्नांपाशी. दोनदा बसल्या, दोनदा तिथेच आपटल्या. ही तिसरी आणि शेवटची खेप होती. यात गेलं की गेलंच.

हे खूळ डोक्यात शिरलं ते एका शिंप्यामुळे. त्याच्या दुकानाचा दावा साहेबांकडे होता. दुकान सहा महिने बंद होतं, म्हणून खाली करा, असं मालकाचं म्हणणं. साहेबांनी उत्तर सांगितलं आणि ताईंनी टाइप केलं. टाइप करता करता त्यांचा हात थांबला.

"साहेब, चौथ्या परिच्छेदात आपण म्हणतो दुकान एक दिवसही बंद नव्हतं. आणि नवव्यात म्हणतो पक्षकार आजारी असल्यामुळे बंद ठेवावं लागलं."

"तू टाइप कर," साहेब म्हणाले. रागाने नव्हे, फोनवर बोलता बोलता, जसं माणूस माशी वारतो तसं.

ताईंनी टाइप केलं. समोरच्या वकिलाने नेमके तेच दोन परिच्छेद एकापुढे एक वाचून दाखवले आणि शिंप्याचं दुकान गेलं. कागद परत न्यायला तो आला तेव्हा जाताना ताईंना म्हणाला, "ताई, तुम्ही मात्र टायपिंग फार सुबक केलं होतंत हो. एक चूक नव्हती." या वाक्याने ताईंना जेवण गेलं नाही. त्या सुबकपणाची त्यांना लाज वाटली. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला, की आता दुसऱ्याचं म्हणणं टाइप करत म्हातारं व्हायचं नाही, उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं.

पण ज्या बाईला खऱ्या दाव्यातली भेग टाइप करता करता दिसली, तिला पुस्तकातले प्रश्न सुटेनात. शिकवायला होती पोटची लेक. कॉलेजात गणित घेतलेली, आईपेक्षा चार बोटं उंच आणि दहा पट तापट. रोज सकाळी डबे भरून झाले की ओट्यापाशीच दोघींची शिकवणी सुरू व्हायची.

"वाच."

"सर्व साक्षीदार खरे बोलतात. काही दुकानदार साक्षीदार आहेत. निष्कर्ष, काही दुकानदार खरे बोलतात." ताईंनी पुस्तक खाली ठेवलं. "निघत नाही."

"आई! का निघत नाही?"

"सर्व साक्षीदार खरे बोलतात? अगं, बावीस वर्षं बघतेय मी."

"वर काय लिहिलंय? दिलेली विधाने खरी मानून चला. मानायचं! तुला कुणी विचारलंय का खरं आहे का ते?"

"न विचारता कसं मानायचं?"

गोल टेबलाभोवती सात जण बसवायचे असले तर आणखी पंचाईत. 'क' हा 'ख'च्या शेजारी बसत नाही असं आलं की ताई विचारणार, का बसत नाही, भांडण आहे का, आणि भांडण असेल तर एका टेबलावर बोलावलं कुणी? यजमान बुटाच्या नाड्या बांधत म्हणायचे, "आमचा धंदा बरा. वर गेलं ते खाली येतंच, निष्कर्ष काढावा लागत नाही." लेक दोघांकडे अशी बघायची, जणू आपल्याला अनाथाश्रमातून आणलं असतं तर बरं झालं असतं.

हसण्यावारी नेलं तरी आतून ताई खचत चालल्या होत्या. दुपारी साहेब कोर्टात असताना त्या टेबलाच्या खणात पुस्तक उघडं ठेवून प्रश्न सोडवत. दहातले चार बरोबर. दुसऱ्या दिवशी तीन. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तर बाथरूममध्ये नळ सोडून रडल्या आणि बाहेर येऊन भाडेकराराच्या चार प्रती काढल्या. आपण खरोखरच मठ्ठ आहोत, साहेबांनी 'तू टाइप कर' म्हटलं ते योग्यच होतं, अशी शंका त्यांना खाऊ लागली. ही शंका ज्याला आली असेल त्यालाच ठाऊक ती कशी असते.

मग परीक्षेला पाच आठवडे राहिले असताना लेकीला एक युक्ती सुचली. ती वैतागून बोलून गेली आणि तीर बरोबर लागला.

"आई, हे पुस्तकाने लिहिलेलं नाही असं समज. हा समोरच्या वकिलाने दाखल केलेला कागद आहे. तो खोटारडा आहे हे तुला माहीत आहे. पण ते तुला कोर्टात सांगता येणार नाही. त्याच्याच कागदातलं त्याचंच बोलणं धरून त्याला कुठपर्यंत नेता येतं, एवढंच बघ."

ताईंनी पुस्तक ओढून घेतलं. रस्त्यावर दिवे लावले, चोऱ्या कमी झाल्या, म्हणून चोऱ्या दिव्यांमुळे कमी झाल्या. हा युक्तिवाद कशाने कमजोर होतो? "त्याच महिन्यात पोलीसही वाढवले असतील तर," ताई पर्याय न वाचता म्हणाल्या. पर्यायांत तेच होतं. त्यांनी पुढचा घेतला. मग त्याच्या पुढचा. त्या सकाळी ऑफिसला अर्धा तास उशीर झाला, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा बावीस वर्षांत पहिल्यांदा ताई नुसत्या हसल्या, कारण सांगितलं नाही.

एक खोड मात्र राहिली. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात, न सोडवलेल्याला नाही. आणि ताई म्हणजे एक जागा रिकामी सोडणार नाहीत. मागच्या खेपेला न येणारे प्रश्नसुद्धा अंदाजपंचे भरून त्यांनी आलेले गुण घालवले होते. या वेळी लेकीने शपथ घातली. "येत नाही ते सोडायचं. कोरं म्हणजे कोरं. माझ्या गळ्याची शपथ."

परीक्षेचं केंद्र एका शाळेत होतं. लहान मुलांचे बाक, गुडघे वर आलेले, भिंतीवर पाढे. पर्यवेक्षिका एक तरुण बाई होत्या. त्यांचा उजवा पाय सुजलेला होता, घोट्याला पट्टी, आणि वर्गात त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. तीन तास त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभ्या होत्या. ताईंनी हे पाहिलं आणि मान खाली घातली, कारण आज दुसऱ्याचं काही बघायचं नाही असं ठरवून आल्या होत्या.

पेपर सुरेख गेला. तर्काच्या तीस प्रश्नांत एकवीस त्यांनी सोडवले, एकेका खोटारड्या वकिलाला त्याच्याच शब्दांत पकडून. नऊ जमेनात. दोनदा हात उत्तराचा गोळा काळा करायला गेला, दोनदा लेकीचा गळा आठवला. नऊच्या नऊ कोरे ठेवले. दहा मिनिटं उरली. ताईंनी उत्तरपत्रिका वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातली, जसा दाखल करायचा प्रत्येक कागद घालत.

आता त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. कोर्टाच्या कागदावर कोरी जागा म्हणजे चोराला उघडं दार. सही झाल्यावर त्या जागेत कुणीही काहीही घुसडू शकतो. म्हणून जाणता टायपिस्ट रिकामी ओळ दिसली की तिथे आडवी रेघ मारतो आणि रेघेच्या टोकाला पक्षकाराची छोटी सही घेतो. रेघ मारली, सही झाली, कागद सुरक्षित. ताईंनी हे हजारो वेळा केलं होतं. श्वास घ्यावा तसं.

नऊ कोऱ्या ओळी. ताईंनी प्रवेशपत्राची कड पट्टीसारखी धरली आणि नऊ सरळ, सुबक रेघा मारल्या. पक्षकार त्या स्वतःच होत्या. म्हणून प्रत्येक रेघेच्या टोकाला स्वतःची दोन अक्षरी सही केली. मग घंटा झाली.

फाटकाबाहेर लेक उभी होती. आईचा चेहरा बघून तिचाही उजळला.

"एकवीस सोडवले! आणि नऊ कोरे सोडले, तुझी शपथ पाळली हो. वर रेघा मारून सह्याही केल्या, म्हणजे नंतर कुणी हात लावायला नको."

लेकीने आईच्या हातातलं प्रवेशपत्र घेतलं, उलटं केलं आणि मागची सूचना बोटाने दाखवली. उत्तरपत्रिकेवर सही, नाव किंवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण आढळल्यास उत्तरपत्रिका रद्द होईल. ताईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. जी बाई दुसऱ्यांच्या करारातली बारीक अक्षरं वाचून दाखवायची, तिने स्वतःच्या प्रवेशपत्राची मागची बाजू पाहिली नव्हती. त्या फुटपाथच्या कडेवर बसल्या. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. ताई कामावर जात, टाइप करत, घरी येत. स्वयंपाकात मीठ दोनदा पडे किंवा पडतच नसे, आणि कुणी बोलत नसे. रागवायचं तरी कुणावर? हात दाखवून अवलक्षण केलं होतं आणि हातही आपलाच. यंत्राला कदाचित दिसणारही नाही, अशी एक आशा त्या काडीसारखी धरून होत्या. तीन आठवड्यांनी पत्र आलं. खुलासा देण्यासाठी समक्ष हजर राहावे.

पत्र साहेबांनी वाचलं. पहिल्यांदाच त्यांनी ताईंना आतल्या खोलीत, पक्षकारांच्या खुर्चीत बसवलं. माणूस वाईट नव्हता.

"सरळ आहे. सह्या माझ्या नाहीत म्हणायचं."

"माझ्या आहेत, साहेब."

"दोन अक्षरांवरून हस्ताक्षर सिद्ध होत नाही. तू कागद कोरा दिलास, पुढे कुणी काय केलं तुला माहीत नाही. संशयाचा फायदा उमेदवाराला मिळतो, तो नियम त्यांच्याच पुस्तकात आहे. मी सांगतो, तू टाइप कर."

आणि ताईंनी टाइप केलं. सदर उत्तरपत्रिकेवरील रेघा व सह्या माझ्या नाहीत. दीड पान, एक चूक नाही. कागद पिशवीत घातला. नीतीबिती काही त्यांच्या मनात आली नाही. त्यांना कॉलेज हवं होतं. इतकं हवं होतं, की रात्रंदिवस छातीत दगड ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि तो दगड हलवायला हे दीड पान पुरणार असेल तर पुरू दे, एवढंच.

परीक्षा विभागातले अधिकारी निवृत्तीला आलेले होते. गळ्यातल्या दोरीला चष्मा, टेबलावर औषधाच्या गोळ्या. लेकीला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. त्यांनी ताईंची उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली, शेजारी उत्तरांची यादी.

"यंत्राने बाहेर टाकली, म्हणून हाताने तपासली. बघा."

ताईंनी पाहिलं. तर्काच्या भागात एकवीस गोळे. अठरांपुढे लाल बरोबरच्या खुणा, तिघांपुढे फुली. खाली सगळ्या विषयांची बेरीज. त्याखाली प्रवेशाच्या यादीतला शेवटचा आकडा पेन्सिलीने लिहिला होता, आणि ताईंचा आकडा त्याच्या वर होता. बराच वर. अठरा! त्यांनी परत मोजलं. मठ्ठ नव्हत्या त्या. बावीस वर्षांत एकदाही नव्हत्या. डोळ्यांत पाणी आलं, आणि हातातोंडाशी आलेला घास म्हणजे काय ते त्यांना त्या क्षणी कळलं.

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. "आता मी विचारतो, नीट विचार करून सांगा. या सह्या तुमच्या आहेत का?"

ताईंचा हात पिशवीत गेला.

"नाही म्हटलं तर?"

"तर चौकशी होते. उमेदवाराची खूण नाही असं ठरलं तर हे गुण धरता येतात."

"चौकशी कुणाची?"

"कागद तुमच्या हातून थेट पर्यवेक्षिकेच्या हातात गेला. तिनं तिथेच मोजून पाकीट बंद केलं. म्हणजे तिचीच." मग, ताईंना धीर द्यावा तसं ते म्हणाले, "तात्पुरत्या आहेत त्या बाई. फार तर पुढे कामावर घेणार नाहीत."

ताईंचा हात पिशवीतच राहिला. कागद दोघींच्याच हातात होता. एकीने सह्या केल्या नाहीत. त्यांना थांबायचं होतं, पुढचं वाचायचंच नव्हतं, पण पाच आठवडे घासून घासून शिकलेलं डोकं आता त्यांचं ऐकेना. निष्कर्ष निघत होता. पुस्तकातला सगळ्यात सोपा प्रश्न. त्या निष्कर्षाचा एक पाय सुजलेला होता आणि त्याला बसायला खुर्ची नव्हती.

नाही म्हण, ताई स्वतःला म्हणाल्या. ती तुझी कोण लागते? तिला दुसरं काम मिळेल. तुला दुसरी परीक्षा नाही. नाही म्हण.

"बाई?"

"माझ्या आहेत," ताई म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं आणि त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं, कारण दरम्यान पुन्हा नाही म्हणायची संधी होती. "सगळ्या माझ्याच. आमच्या धंद्यात कोरी जागा सोडत नाहीत."

"मग मला काही करता येत नाही," अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी रद्दचा शिक्का मारला. तो नीट उठला नाही म्हणून परत मारला.

बाहेर लेक उठून उभी राहिली. काय झालं ते ताईंनी चार वाक्यांत सांगितलं. पोरगी तापट, आधी भडकली. "कोण ती? तुझं नावसुद्धा माहीत नाही तिला! तुला कधी कळणारे, आई?" मग आईकडे बघून तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली.

ताईंना आपण काही मोठं केलं असं वाटत नव्हतं. उलट त्या पर्यवेक्षिकेचाही राग येत होता, सुजलेला पाय घेऊन उभं राहायला तिला सांगितलं कुणी होतं? साहेबांचा येत होता, शिंप्याचा येत होता, स्वतःच्या सुबक हाताचा तर सगळ्यात जास्त. जिना उतरता येईना म्हणून त्या मधल्याच पायरीवर बसल्या. खालून वर येणारी पोरं, हातात अर्ज, त्यांना वळसा घालून जात होती.

"अठरा बरोबर आले गं," त्या लेकीला म्हणाल्या. "एकविसातले अठरा. मी दोनदा मोजले."

लेकीने मान हलवली.

"आता सांगायचे कुणाला?"